सत्तावीस स्टुलं आणि एक शेवंती

माणशी पाच पुऱ्या, एकशे वीस ग्रॅम श्रीखंड, दीडशे मिलिलिटर टोमॅटोचं सार आणि मसालेभाताला सत्तर ग्रॅम तांदूळ. लग्न असेल तर श्रीखंड वीस ग्रॅमनं वाढतं. कंपनीची मीटिंग असेल तर पुऱ्या तीनवर येतात, कारण साहेब लोक एकमेकांसमोर कमी खातात आणि नंतर खोलीवर सँडविच मागवतात. हे आकडे कुठल्या पुस्तकात नाहीत. मुळशी तालुक्यातल्या एका रिसॉर्टमध्ये एकोणीस वर्षं बँक्वेट सांभाळून ते माझे मी काढले आहेत.

बँक्वेट सांभाळायचं म्हणजे काय, हे मला माझ्या सासूबाईंनाही समजावता आलं नाही. त्या शेवटपर्यंत 'सून हॉटेलात स्वयंपाकाला आहे' असं सांगायच्या. स्वयंपाक शेफ करतो. मी मोजते. किती माणसं येणार, किती राहणार, कोण किती वाजता काय खाणार, हे सगळं एका कागदावर उतरवते. त्याला आम्ही फंक्शन शीट म्हणतो. समारंभाच्या तीन दिवस आधी यजमानांकडून पक्का आकडा घेते, त्यावर शंभराला पाच पानं जास्त धरते आणि मग देवावर सोडत नाही, पुन्हा एकदा मोजते. लग्नाआधी मी बार्शीत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नट-बोल्ट मोजत होते. भूगावला आल्यावर पानं मोजायला लागले. फरक इतकाच की बोल्ट ऐनवेळी चुलतभावाला घेऊन येत नाहीत.

एकोणीस वर्षांत माझा आकडा तीनापेक्षा जास्त कधी चुकला नाही. एका वाढदिवसाला घोडा आला होता, तेव्हासुद्धा नाही. एकदाच चुकला, आणि सत्तावीसनं चुकला. त्याचीच गोष्ट सांगते.

जुन्या मोटारी जपणाऱ्या लोकांचा पुण्यात एक क्लब आहे. दर जानेवारीत ते आपापल्या गाड्या घेऊन कुठंतरी एक मुक्काम करतात, दुपारी एकत्र जेवतात, मग त्यांची वार्षिक सभा होते. त्या वर्षी त्यांनी आमचं रिसॉर्ट निवडलं. क्लबचे सेक्रेटरी परांजपे नावाचे गृहस्थ होते. उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात पिवळ्या मऊ फडक्याची घडी. बोलता बोलता ते माझ्या टेबलाची कड त्या फडक्यानं पुसायचे. मला माणूस आवडला. त्यांनी यादीसुद्धा वेळेत पाठवली: आडनाव, नाव, वय. एकशे अठरा नावं, एक खाडाखोड नाही.

यादी पाहून मी शेफना बोलावलं. आमचे शेफ गढवालचे, रावत नावाचे.

"रावतजी, यात सत्तावीस बायका साठीच्या पुढच्या आहेत. काही सत्तरीच्या. प्रत्येक कुटुंबात एक."

"सबकी सास साथ में आ रही है, मैडम?"

"तसंच दिसतंय. मऊ भात करा वेगळा. आणि तिखट बेतानं."

मग मी घरच्यासारखा विचार केला. सत्तरीची बाई, अनोळखी बाथरूम, ओली फरशी. पिरंगुटच्या बाजारातून सत्तावीस प्लास्टिकची स्टुलं मागवली आणि एकेका खोलीच्या न्हाणीघरात एकेक ठेवून घेतलं. प्रत्येक खोलीत एक जादा गादी. मला माझाच अभिमान वाटत होता.

शनिवारी सकाळी दहापासून गाड्या यायला लागल्या. लाल, मोरपंखी, लोण्याच्या रंगाच्या, कुणाला बाहेर काढलेले गोल दिवे, कुणाला मागं स्टेपनीचं टोपलं. आमचा वॉचमन प्रत्येक गाडीला सलाम ठोकत होता. मी दारात ओवाळायची थाळी, गुलाबाची फुलं आणि एक चाकाची खुर्ची घेऊन उभी होते. पहिलेच परांजपे उतरले.

"या, या. आणि चंद्रिकाताई कुठे आहेत?"

"बाहेर उभी आहे."

"उन्हात? अहो, अडुसष्ट वर्षांच्या आहेत ना त्या? आत आणा आधी."

"आत?" परांजपे माझ्याकडे, मग दाराकडे पाहत राहिले. "तुमचं दार किती रुंद आहे?"

मी दाराची रुंदी सांगितली. चार फूट. ती मला पाठ आहे.

"मग नाही मावायची," ते म्हणाले आणि खिशातलं फडकं काढून लोण्याच्या रंगाच्या गाडीचं नाक पुसायला लागले.

मी हातातली यादी पुन्हा पाहिली. परांजपे, अरुण, ५४. परांजपे, मेधा, ५०. परांजपे, चंद्रिका, ६८. खाली सबनीस, शेवंती, ७१. त्याखाली एक राणी, एक जाई, एक सोनसळी. गाड्यांची नावं, गाड्यांची वयं. क्लबात गाडीचं नाव कुटुंबाच्या यादीत लिहायची पद्धतच होती, आणि ती त्यांना इतकी सरळ वाटत होती की कुणी सांगितलं नाही. एकशे अठरातून सत्तावीस गेले, राहिले एक्याण्णव. रावतजींनी मऊ भाताचं पातेलं माझ्या डोळ्यांसमोरून मुद्दाम दोनदा नेलं.

ही पहिली फजिती. दुसरी खोल्यांची. आमच्या तीस खोल्या दरीकडच्या आहेत. खिडकीतून रिह्याचं खोरं, भातखाचरं, समोर डोंगर. मागच्या चौदा खोल्यांतून पार्किंग, जनरेटर आणि वाळत घातलेल्या चादरी दिसतात. त्या आम्ही ड्रायव्हर लोकांना देतो. मी सगळ्यांना दरीकडच्या खोल्या दिल्या होत्या. पंधरा मिनिटांत रिसेप्शनला रांग लागली.

"आम्हाला गाडी दिसत नाही हो खोलीतून!"

"पण डोंगर दिसतो," मी म्हणाले.

"डोंगर कुठं जातोय? डोंगराला कुणी ओरखडा काढणार आहे का?"

चौदा खोल्या आणि सव्वीस उमेदवार, एक कुटुंब अजून यायचं होतं. शेवटी साखरेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकून सोडत काढली. ज्यांना जनरेटर मिळाला त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना दरी मिळाली त्यातल्या एका बाई डोळे पुसत वर गेल्या. एकोणीस वर्षं मी लोकांना दरी विकत आले होते.

जेवण एक वाजता होतं. पावणेएकला सार, मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ तयार. पुऱ्यांची कणीक भिजलेली. पुरी माणूस पाटावर बसल्यावर तळायची, हा रावतजींचा कायदा. मी हॉलचं दार उघडलं. कुणी आत येईना. सगळे पार्किंगमध्ये घोळक्यानं उभे, बॉनेट उघडी, गप्पा चाललेल्या. सव्वा वाजला. दीड वाजला. मुलं आयांचे पदर ओढायला लागली.

"परांजपे साहेब, चला ना. पानं मांडली आहेत."

"शेवटची गाडी यायची आहे. सबनीसांची."

"ते येतील मागून. त्यांचं पान झाकून ठेवते."

परांजप्यांचा चेहरा असा झाला की जणू मी चंद्रिकेच्या दारावर खिळ्यानं नाव कोरलं.

"मॅडम, आमच्यात शेवटची गाडी आल्याशिवाय पहिलं पान वाढत नाहीत. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

नव्हतं सांगितलं. या धंद्यातलं हे एक मला उशिरा कळलेलं सत्य आहे. लोक शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतात, लसूण नको सांगतात, पंख्याचा वेग सांगतात. पण जे त्यांच्या हाडामांसात मुरलेलं असतं ते सांगत नाहीत, कारण जगात दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनातच येत नाही.

नियमाची गोष्ट परांजप्यांच्या बायकोनं, मेधाताईंनी सांगितली. एकेचाळीस वर्षांपूर्वी क्लबाचं पहिलं संमेलन झालं तेव्हा सहा गाड्या होत्या. अण्णा सबनीसांची शेवंती वाटेत पंक्चर झाली. अण्णा आणि सुमनकाकू पोचले तेव्हा बाकीचे हात धुऊन पान खात होते. उरली होती लिंबाची फोड आणि चटणी. सुमनकाकूंनी कुणाला एक शब्द न बोलता बरोबर आणलेल्या पावाशी चटणी खाल्ली, आणि परतीच्या वाटेवर म्हणाल्या, "मी पुन्हा येणार नाही." पुढच्या वर्षी अण्णांनी नियम करून घेतला. गाडी स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे, ओढून आणलेली गाडी आलेली धरत नाहीत, आणि सगळ्या गाड्या जेवणाच्या जागी उभ्या राहिल्याशिवाय पान वाढायचं नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं नियम एकदाही मोडला नव्हता. आणि आज अडकली होती ती शेवंतीच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेडगे काकू. आमच्या रिसॉर्टला इंद्रायणी तांदूळ पुरवतात. त्यांचं घर आणि खाचरं खाली रिह्याच्या वाटेला, आमच्या गेटपासून तीन किलोमीटर आठशे मीटर.

"ताई, हितं आमच्या दारात एक म्हातारा मानूस गाडीचं टोपान उगडून बसलाय. तुमचा पाव्हना हाय म्हनतोय. मागं त्येंची मालकीन बसलीया. च्या बी घेईना झालीत."

मी फोन स्पीकरवर टाकला. पाठोपाठ अण्णांचा आवाज आला. एक्याऐंशीचे होते, पण आवाज खणखणीत.

"परांजपे, चढानं शेवंती तापलीय. पेट्रोलच्या नळीत वाफ धरलीय. तुम्ही जेवून घ्या."

"अण्णा, नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे तर मी मोडतो!"

"तो अधिकार तुम्हाला नाही. घटनादुरुस्ती सभेत होते, दोन तृतीयांश बहुमतानं."

"मग घ्या सभा!"

"सभा जेवणानंतर आहे, अण्णा."

मागून सुमनकाकूंचा आवाज आला. "अहो, काय मोडताय? माझ्यासाठी केलात ना नियम? मग मला विचारा. मी जेवणार नाही आणि तेही जेवणार नाहीत. चाळीस वर्षं थांबलेत, आज काय मरतायत का?"

क्लबात चार जण उत्तम मेकॅनिक होते. मी म्हणाले, पाठवा त्यांना. तर शेवंतीच्या इंजिनाला चाळीस वर्षांत अण्णांशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता आणि लागणारही नव्हता. ट्रॅक्टर शेडगे काकूंच्या दारातच उभा होता, पण ओढलेली गाडी आलेली धरत नाहीत.

मुलांना मी दूध-बिस्किटं वाटली. परांजप्यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. मी म्हणाले, "नियम पानाचा आहे. बिस्किटाला पान लागत नाही." त्यांनी विचार करून तोंड मिटलं. तेव्हाच मला कळलं की या माणसांशी अक्षरावर बोट ठेवून बोलायचं. मी स्टोअर्समधली बाई. ते मला जमतं.

"परांजपे साहेब, नियमातले नेमके शब्द सांगा."

"सर्व गाड्या जेवणाच्या जागी उभ्या राहिल्याशिवाय पान वाढू नये."

"जेवणाची जागा कुठं असावी, याबद्दल काही?"

"काही नाही."

मी दरीकडं पाहिलं. शेडगे काकूंचं खळं वरून नखाएवढं दिसतं. भात झोडपून झालेला, खळं शेणानं सारवलेलं, बाजूची खाचरं कोरडी. सत्तावीस गाड्या सहज उभ्या राहतील. "मग जेवण खालीच नेऊ," मी बोलले आणि त्याच क्षणी मला माझ्याच बोलण्याची भीती वाटली.

कारण आमच्या किचनच्या दारावर एक पाटी आहे: शिजलेलं अन्न गेटबाहेर जाणार नाही. ती मी लावली आहे. दहा वर्षांपूर्वी एका लग्नातल्या वऱ्हाडानं उरलेली बासुंदी डब्यात भरून मागितली. लवासा बघायला जायचं होतं त्यांना. मी सही करून दिली. बस वाटेत तीन तास रखडली, आणि संध्याकाळी चौदा माणसं आजारी पडली. सगळी बरी झाली, पण मला ते कळलं आठ दिवसांनी, आणि तेही तिसऱ्याच माणसाकडून. मी कुणाला फोन केला नाही. आधी माहीत नव्हतं म्हणून, आणि नंतर धीर झाला नाही म्हणून. त्या चौदा माणसांपैकी एकाचाही आवाज मी ऐकलेला नाही. पाटी लावली आणि गप्प बसले.

आता चौदाच्या जागी एक्याण्णव. मी रिसॉर्टच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "पाटी तुमची, मॅडम. तुम्हीच ठरवा." आणि ठेवला.

मी किचनमध्ये जाऊन थर्मामीटर काढला. मसालेभात एकाहत्तर अंश. सार अठ्ठ्याहत्तर. गरम अन्न साठाच्या खाली उतरलं की आमचं घड्याळ सुरू होतं, मग ते फार वेळ ठेवता येत नाही. बासुंदीच्या वेळी कुणी काही मोजलं नव्हतं, मीसुद्धा नाही. या वेळी मोजता येणार होतं. गरम डब्यात अर्ध्या तासाला पाचसहा अंश जातात. श्रीखंड बर्फात. पुरीची कणीक कच्ची, तिला भीती नाही. उतार ताशी दहाच्या वेगानं, पंचवीस मिनिटं. मी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा साठाच्या वर आलं.

"रावतजी, भरा. मी स्वतः बरोबर जाणार."

"पाटी उतार दूँ, मैडम?"

"पाटी राहू दे. भरा."

प्रश्न एकच उरला: न्यायचं कशातून? टेम्पो पावाला पिरंगुटला गेलेला, जीप दोन दिवस गॅरेजात. मी पार्किंगमध्ये आले. सत्तावीसला एक कमी, म्हणजे सव्वीस गाड्या उन्हात चकाकत होत्या. ज्या माणसांनी सकाळी माझ्या वॉचमनला 'हात लावू नका, श्वाससुद्धा लांबून घ्या' असं सांगितलं होतं, त्यांना मी म्हणाले, "मला डिक्या लागतील. आणि मागच्या सीट्स."

एक गृहस्थ म्हणाले, "सीट मूळ कातड्याची आहे हो." दुसरे म्हणाले, "उसळीला तेल किती आहे?" मी म्हणाले, "किलोला ऐंशी ग्रॅम. झाकण घट्ट आहे." तरी कुणी हलेना. मग मेधाताई पुढं झाल्या आणि चंद्रिकेचं मागचं दार त्यांनी सताड उघडलं.

"अरुण, सुमनकाकू खाली उपाशी बसल्यात. ठेव सार."

परांजप्यांनी खिशातलं पिवळं फडकं काढलं. मला वाटलं, आता हे सीटवर अंथरतील. त्यांनी ते सीटवर नाही अंथरलं. त्याची चुंबळ केली आणि साराच्या पातेल्याखाली घातली, पातेलं हलू नये म्हणून. अठरा लिटर सार त्यांनी दोन्ही हातांनी गाडीत ठेवलं आणि म्हणाले, "चला."

त्यानंतर जे झालं त्याला मी मिरवणूकच म्हणेन. पुढं चंद्रिका सारासह. मागं जाई, तिच्या पोटात मसालेभात. राणीच्या डिकीत बर्फ आणि श्रीखंड. मोरपंखी गाडीच्या टपावर दोरीनं बांधलेली माझी स्टुलं, सत्तावीसच्या सत्तावीस. मी सोनसळीत पुढं बसले, मांडीवर कणकेची परात, हातात थर्मामीटर. वळण आलं की परांजपे खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचे, "सार!" आणि मागच्या सगळ्या गाड्या एकामागून एक हळू व्हायच्या. "सार!" "सार!" असा पुकारा शेवटच्या गाडीपर्यंत जायचा. हसून हसून माझ्या परातीत अश्रू पडतील म्हणून मी तोंड वर धरून बसले होते. गाडी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमची चाकाची खुर्ची पण आणायची होती, तीसुद्धा जुनी दिसते."

रिह्याच्या वाटेवर बायका कामं टाकून बांधावर आल्या. कुणीतरी विचारलं, "नवरदेव कंच्या गाडीत हाय?" मी ओरडून सांगितलं, "पुढच्याच्या पुढं! आधीच पोचलाय!"

शेडगे काकूंचं घर आलं. दारात एक पोपटी गाडी, तोंड उघडं. शेजारी खाटेवर अण्णा, हात कोपरापर्यंत काळे. मागच्या सीटवर सुमनकाकू, जरीकाठाची साडी, मांडीवर पर्स. सव्वीस गाड्या खळ्याभोवती आणि खाचरात एकेक करून उभ्या राहिल्या. अण्णा उठले, सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली, आणि परांजप्यांना म्हणाले, "हे काय?"

परांजपे सावधान उभे राहिले. "सर्व गाड्या जेवणाच्या जागी उभ्या आहेत, अण्णा. शेवंती सगळ्यांत आधी पोचली."

अण्णांनी काळे हात पाठीमागं घेतले. सुमनकाकूंनी गाडीचं दार उघडलं, खाली उतरल्या आणि विचारलं, "लिंबू-चटणीशिवाय काही आहे ना?"

भात सदुसष्ट अंश. सार एकाहत्तर. मी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. टाळ्या पडल्या. थर्मामीटरला टाळ्या पडलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

पुऱ्या शेडगे काकूंच्या चुलीवर. रावतजी लाकडाच्या धुरात खोकत होते आणि काकू त्यांना शिकवत होत्या. "आवं, जाळ कमी करा, हिकडं वडा लाकूड. ह्यो ग्यास न्हाई!" रावतजी म्हणत होते, "जी माताजी." मला त्यांनी एकोणीस वर्षांत कधी 'जी' म्हटलेलं नाही.

वयस्कर माणसं माझ्या स्टुलांवर बसली, बाकीची मांडी घालून. आणि वस्तीवरची जी माणसं बघायला आली होती, त्यांना मी म्हणाले, "बसा. सत्तावीस पानं जास्त आहेत, का ते विचारू नका." बसली तेहेतीस. मी मोजली. कमी पडलं तिथं काकूंनी तांदळाच्या भाकरी पुढं केल्या. मऊ भात, ज्यावर रावतजी सकाळपासून मला टोमणे मारत होते, तो काकूंच्या सासऱ्यांनी तीनदा मागून घेतला.

सभा खळ्यावरच झाली. कुणीतरी नियम बदलायचा ठराव मांडला. बाजूनं एक हात वर झाला, अण्णांचा. सुमनकाकूंनी तो धरून खाली घेतला.

शेवंती मात्र त्या दिवशी सुरू झाली नाही. बाकीच्या गाड्या वर परत आल्या. अण्णा हलेनात. शेडगे काकूंनी पडवीत खाट टाकून दिली. शेवंती खाटेपासून दोन हातांवर, उशीवरून नाक दिसेल अशी. वर बातमी पोचली तेव्हा ज्यांना सोडतीत जनरेटर मिळाला होता, त्यांचीही तोंडं उतरली. सगळ्यांत चांगली खोली अण्णांनाच मिळाली होती, आणि ती माझ्या रिसॉर्टची नव्हती.

रविवारी क्लब गेला. सोमवारी सकाळी मी कामाला बसले, यादी पुढं ओढली आणि फोन लावायला सुरुवात केली. "नमस्कार, रिसॉर्टमधून बोलतेय. पोट ठीक आहे ना?" पहिल्यांदा लोक दचकायचे. परांजपे म्हणाले, "उत्तम. पण चंद्रिकेला साराचा वास येतोय. मेधा म्हणते, राहू दे." मुलांची पोटं मी त्यांच्या आयांना विचारली. वस्तीतल्या तेहेतिसांचं शेडगे काकूंना विचारलं.

"आमच्या प्वाटाचं काय इचारताय, ताई? सकाळच्या पारी पुन्ना भाकरी मागत्यात समदी. पर म्हाताऱ्यासनी मऊ भाताची सवं लागली, त्येचं काय करू?"

नावामागून नाव, बरोबरची खूण. एकोणनव्वद खुणा झाल्या. दहा वर्षं जे फोन मी केले नव्हते ते त्या चौदापेक्षा कितीतरी जास्त लोकांना करून झाले. बासुंदीचे चौदा त्यानं फिटत नाहीत, हे मला कळतं. तरी प्रत्येक 'ठीक आहे' ऐकताना खांदे थोडे खाली येत होते.

शेवटी अण्णांना लावला, दोघं अजून शेडगे काकूंच्या पडवीतच होते. सुमनकाकूंनी उचलला, ठीक म्हणाल्या, अण्णांना दिला.

"अण्णा, पोट?"

"उत्तम. पण तुमची यादी पुरी झाली नाही, मॅडम. आमच्या घरातली तीन नावं आहेत तुमच्याकडं."

मी पाहिलं. सबनीस, शेवंती, ७१. समोरचा चौकोन रिकामा.

"खरंय," मी म्हणाले. "द्या त्यांना फोन."

पावलं वाजली. कोंबड्या ओरडल्या. शेडगे काकू लांबून म्हणाल्या, "व्हा बाजूला समदी!" मग फोनमध्ये एक खोकला आला, आणखी एक, आणि मग घरघर सुरू झाली, आधी अडखळत, नंतर एकसारखी, जाड, समाधानी. ऑफिसातली दोघं-तिघं माझ्याकडं बघायला लागली. मी कान तसाच फोनला लावून ठेवला आणि शेवंतीच्या नावापुढं खूण केली.